ग्रिलचं नवं कापड लावलं की आवाज दबतो, वर्षभरात झोळही पडतो: कारणं आणि उपाय

घरच्या स्पीकरच्या ग्रिलचं, म्हणजे पुढच्या निघत्या चौकटीचं, कापड बदललं की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली तक्रार अशी की टाळ, झांजा, घुंगरू, गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ हे सगळं पुसट होतं आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. दुसरी तक्रार झोळाची. लावताना सुरेख ताणलेलं कापड एक पावसाळा गेला की मधोमध सैल पडतं नाहीतर कोपऱ्यांत सुरकुततं. मग पुन्हा दुकान, पुन्हा नवं कापड आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

या दोन तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे. आवाज दबतो तो कापडामुळे. झोळ पडतो तो मात्र बहुतेक वेळा गोंदामुळे किंवा फ्रेममुळे, कापडाचा त्यात फारसा दोष नसतो. दोन्हींवर एकच इलाज म्हणून आणखी भारी, आणखी जाड कापड आणलं की पहिली तक्रार वाढते आणि दुसरी तशीच राहते. म्हणून खरेदीआधी दोष शोधायला अर्धा तास द्या.

दोष नेमका कुठे आहे?

एकच गाणं, एकच आवाज, बसायची जागाही तीच ठेवा. ग्रिल लावून ऐका, लगेच काढून ऐका. ग्रिल काढल्याबरोबर वरचे स्वर परत आले तर दोष ग्रिलचा. काहीच फरक पडला नाही तर कापडाच्या मागे लागू नका, ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर) वाजतोय का ते पाहा. त्यासाठी वर्तमानपत्राची सुरळी करून तिचं एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरसमोर धरा, त्याच्या मधल्या घुमटाला स्पर्श होऊ देऊ नका. आवाज अगदी कमी ठेवा. एका स्पीकरच्या ट्वीटरमधून सळसळ स्पष्ट येते आणि दुसऱ्यातून येत नाही, असं असेल तर ट्वीटर किंवा क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणारं सर्किट) बिघडला आहे. जुन्या स्पीकरमध्ये क्रॉसओव्हरचे कपॅसिटर उतरलेले असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याचा ठपका उगाच नव्या कापडावर येतो.

दोष ग्रिलचा निघाला, तर पुढचा प्रश्न: कापडाचा की फ्रेमचा? कापड काढलंच आहे अशी वेळ साधून नुसती रिकामी फ्रेम बसवून एकदा ऐका. रिकाम्या फ्रेमनेही आवाज बिघडत असेल तर जगातलं कोणतंही कापड तो सुधारणार नाही. फ्रेमबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

झोळाचं निदान ग्रिलच्या मागच्या बाजूने होतं. ग्रिल उलटं करा आणि कड तपासा. गोंदावरून कापड सरकलं असेल तर गोंदाचे ओढल्यासारखे ठसे किंवा तंतू दिसतात. स्टेपल असतील तर त्यांच्याभोवतीची भोकं लांबट झालेली दिसतात. मग मोजपट्टी घ्या आणि फ्रेमची रुंदी वर, खाली आणि बरोबर मध्यावर मोजा. मध्यावर दोन-तीन मिलिमीटर कमी भरली तर उभ्या पट्ट्या आत वाकल्या आहेत, म्हणजे फ्रेमने हार खाल्ली आहे. गोंद जागेवर, फ्रेम सरळ आणि तरीही झोळ, असं दिसलं तरच कापड स्वतः वाढलं असं म्हणता येईल. तेव्हा बहुतेक ते सुती, व्हिस्कोज किंवा ज्यूट असतं.

आवाज कोणत्या कापडाने दबतो

खालच्या स्वरांना कापडाची फारशी अडचण होत नाही. त्रास सुरू होतो साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर. हवेला दाट विणीतून वाट काढावी लागली की तिथे थोडी ऊर्जा घर्षणात जाते आणि थोडी मागे फिरते. मागे फिरलेला आवाज पुढच्या पॅनेलवर आपटून पुन्हा बाहेर येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. कापड पॅनेलपासून २ सेंटिमीटरवर असेल तर त्याला ४ सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर साधारण साडेआठ किलोहर्ट्झच्या अंतराने चढउतार तयार होतात. म्हणूनच दाट कापडामागचा आवाज नुसता मंद होत नाही, थोडा विचित्रही होतो आणि ॲम्प्लिफायरचं ट्रेबल वाढवून तो पुरता दुरुस्त होत नाही.

कापड उजेडाला धरून पारखायची सवय सोडा. पातळ पारदर्शक प्लास्टिकमधूनही उजेड जातो, हवा जात नाही. खरी कसोटी श्वासाची. कापड एकेरी ठेवून ओठांना घट्ट लावा आणि पलीकडे वीतभर अंतरावर तळहात धरून हळू फुंकर घाला. फुंकर हाताला सहज लागली आणि गालावर दाब आला नाही तर कापड पुढच्या चाचणीला पात्र आहे. दुकानात चार नमुने एकापाठोपाठ फुंकून पाहिले की फरक आपोआप कळतो. नंतर कापड बोटांत चोळून पाहा. मागच्या बाजूला रबरासारखा, मेणचट किंवा चकचकीत थर लागला तर ते तिथेच ठेवा. सोफ्याच्या बऱ्याच कापडांना मागून असा लेप असतो. अंधार करणाऱ्या पडद्यांना, छत्रीच्या आणि रेनकोटच्या कापडालाही असतो.

फुंकरीतून पास झालेल्या नमुन्याचं मोजमाप घरी करता येतं. लागते ती भरतकामाची दहा इंची गोल फ्रेम, मोबाइल ठेवायचा स्टँड, पिंक नॉइजची (सगळे स्वर एकत्र असलेल्या सळसळीची) फाइल आणि स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही ॲप. मोबाइल ट्वीटरच्या उंचीला, अर्ध्या मीटरवर पक्का उभा करा. पहिलं मोजमाप रिकाम्या गोल फ्रेमचं घ्या. ती ट्वीटरसमोर २ सेंटिमीटरवर धरून ठेवायची, कारण फ्रेमचा स्वतःचाही थोडा परिणाम होतो. दुसरं मोजमाप त्याच जागी, कापड चढवून. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट सरासरी चालू द्या आणि ५, १०, १२ आणि १५ किलोहर्ट्झचे आकडे लिहून घ्या. मोबाइलचा माइक अचूक नसतो, पण दोन्ही वेळा चूक तीच असल्यामुळे फरक बराच विश्वासार्ह येतो. माइकवर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय ॲपमध्ये असेल तर ती बंद करा. मोजणीचा यूएसबी माइक असणाऱ्यांनी संगणकावर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरावं. त्यात दोन आलेख एकमेकांतून वजा करून नुसत्या कापडाचा परिणाम पाहता येतो.

आमची मर्यादा अशी: १० किलोहर्ट्झपर्यंत घट १ डेसिबलच्या आत, १५ किलोहर्ट्झला २ डेसिबलच्या आत. एवढी घट ट्रेबलच्या बटणाने भरून निघते, कित्येकांना ती जाणवतही नाही. १० किलोहर्ट्झला ३-४ डेसिबल गेले तर ते कापड कितीही देखणं असलं तरी स्पीकरसाठी नाही. कानावर भिस्त ठेवणार असाल तर घरातल्या तरुण मुलामुलींना ऐकायला बसवा. पन्नाशीनंतर १२ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं बहुतेकांचं कमी झालेलं असतं.

कोणतं कापड घ्यावं

सरळ उत्तर: उघड्या विणीचं, पॉलिस्टरचं, होजिअरी पद्धतीने (टी-शर्टसारखं) विणलेलं आणि चारही दिशांना थोडं ताणलं जाणारं कापड. स्पीकरचं सामान विकणाऱ्या दुकानांत ग्रिल क्लॉथ म्हणून जे काळं किंवा करडं कापड मिळतं ते बहुतेक याच जातीचं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर ही त्यासाठी फिरायची ठिकाणं. पण तिथेही फुंकर घातल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या सार्वजनिक स्पीकरसाठीचं जाड, चिवट कापडही त्याच नावाने विकलं जातं. ते पायांना आणि पावसाला टिकावं म्हणून केलेलं असतं.

पॉलिस्टरचा आग्रह का, तर पाण्यामुळे. ६५ टक्के आर्द्रतेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतो. व्हिस्कोज आणि ज्यूट बारा-तेरा टक्के, नायलॉन चार टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्का. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते, मार्च-एप्रिलच्या विदर्भात ती कुठल्या कुठे खाली येते. या चढउतारात सुती धागा फुगतो आणि आक्रसतो, ताण दरवेळी बदलतो आणि दर फेरीत थोडा थोडा सुटत जातो. धाग्याने पाणी धरलं, त्यावर धूळ बसली आणि खोली बंद राहिली की बुरशीचे ठिपके येतात. ते डाग धुऊनही जात नाहीत.

तरीही हातमागाचं किंवा खादीचं रूप हवंच असेल, तर विरळ विणीचं घ्या, आधी कोमट पाण्यात धुऊन पूर्ण आटू द्या, इस्त्री करा आणि मगच लावा. हे काम पावसाळ्यात करू नका. ज्यूटबद्दल मत स्पष्ट आहे: दिसायला छान, टिकायला वाईट. त्याचे बारीक तंतू सुटून ट्वीटरच्या घुमटावर आणि वूफरच्या (खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेच्या रबरावर बसत राहतात.

जॉर्जेट आणि शिफॉन यांतून आवाज उत्तम जातो, पण दोन अडचणी येतात. आतलं सगळं दिसतं आणि हे कापड निसरडं असल्याने सरळ रेषेत ताणणं जिकिरीचं होतं. खेळाच्या जर्सीचं बारीक भोकांचं पॉलिस्टर, ज्याला दुकानदार डॉट निट म्हणतात, ते स्वस्तातला चांगला पर्याय आहे. फक्त ताणल्यावर भोकं लांबट दिसू नयेत म्हणून दोन्ही दिशांना सारखा ताण द्यावा लागतो. लायक्रा जास्त असलेलं कापड टाळा. न ताणता त्याची वीण मिटलेली असते, आवाज मोकळा जावा एवढं ताणलं तर फ्रेम वाकते आणि काही वर्षांत लायक्राचा ताणच मरतो. जरीच्या कापडाचं तेच, चपट्या जरीच्या पट्ट्या वीण बुजवतात.

रंगाचंही थोडं. गडद रंग घेतला तर आतले स्पीकर दिसत नाहीत. फिका रंग घेतला तर फ्रेमच्या कडा, वूफरचे गोल, स्क्रूची डोकी हे सगळं उठून दिसतं. त्यावर अनेक जण आतून दुसरा काळा थर लावतात. तसं करू नका. आवाजाची घट जवळजवळ दुप्पट होते आणि दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटांसारखी नक्षी डोळ्यांना त्रास देते. त्याऐवजी फ्रेम आणि स्पीकरचं पुढचं पॅनेल मॅट काळ्या रंगाने रंगवा, स्पीकरच्या कोनांना (आवाज काढणाऱ्या शंकूंना) हात न लावता. लावलेल्या कापडावर रंगाचा फवारा मारणं हा तर आवाज घालवायचा खात्रीचा मार्ग, कारण रंग धाग्यांवर न बसता छिद्रांत भरतो. पॉलिस्टर घरी रंगवायचं म्हटलं तर कापसाचे नेहमीचे रंग त्यावर चढत नाहीत. हवा तो रंगच विकत घ्या.

किती घ्यायचं

फ्रेमची बाहेरची मापं घ्या आणि प्रत्येक बाजूला ६ सेंटिमीटर वाढवा: जाडीसाठी सव्वा, मागच्या पट्टीसाठी दोन, उरलेलं बोटांत धरून ओढण्यासाठी. २५ बाय ४५ सेंटिमीटरच्या फ्रेमला ३७ बाय ५७ चा तुकडा लागतो. ५८ इंच पन्ह्याच्या कापडातून असे दोन तुकडे पाऊण मीटरमध्ये आरामात निघतात. तरीही एक मीटर घ्या, एक तुकडा चाचणीला आणि एक बिघडला तर हाताशी राहतो. जोडीच्या दोन्ही स्पीकरचं कापड एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्या आणि दोन्हीवर काठाची दिशा उभीच ठेवा. एकावर उभी आणि दुसऱ्यावर आडवी झाली तर उजेडात दोघांची छटा वेगळी दिसते आणि नंतर काही करता येत नाही. उरेब (तिरकं) कापू नका. उरेब कापड हवं तसं वळतं म्हणून सोपं वाटतं, पण झोळ पहिला त्यालाच पडतो.

झोळाचं खरं कारण

घरगुती कामात सर्वात जास्त वापरली जाते ती गरम गोंदाची बंदूक आणि झोळाची सर्वात जास्त प्रकरणंही तिचीच. तो गोंद थंड झाल्यावर कडक वाटतो, पण सतत ओढ राहिली की तो महिनोन्महिने हळूहळू वाहत राहतो. उन्हाळ्यात खिडकीजवळच्या स्पीकरवर ऊन आलं की हे वाहणं वाढतं. दुहेरी चिकटपट्टीचं वागणंही असंच असतं. दोन्ही कापड तात्पुरतं धरायला ठीक, कायमचा ताण त्यांच्यावर टाकू नये.

लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या फळीची) फ्रेम असेल तर ताण स्टेपलवर द्या आणि गोंद फक्त साथीला. १२ मिलिमीटर एमडीएफला ६ मिलिमीटर पायांचे स्टेपल पुरतात. ते मागच्या सपाट पट्टीवर, कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत मारावेत. एमडीएफच्या कापलेल्या बाजूत मारले तर ते पापुद्रे सोडून बाहेर येतात. हे काम स्पीकरपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत करा. जुना स्टेपल उपसताना उडाला तर वूफरचं चुंबक त्याला ओढून घेतं. कोनाला भोक पडण्यावर भागलं तर नशीब, स्टेपलचा तुकडा व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत गेला तर स्पीकर उघडावा लागतो.

ताणण्याची पद्धत अशी. फ्रेम आधी पॉलिश पेपरने घासून जुना गोंद पूर्ण काढा आणि चारही बाजूंचे मध्य पेन्सिलने खुणा करून ठेवा. कापडावर मागच्या बाजूने खडूने एक उभी आणि एक आडवी रेषा काढा, धाग्याला धरून. कापड सुलट बाजू खाली करून पसरा, त्यावर फ्रेम उलटी ठेवा आणि रेषा मध्याच्या खुणांना जुळवा. एका लांब बाजूच्या मध्यावर एक स्टेपल, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर ओढून एक. आखूड बाजूंचंही तसंच. आता फ्रेमवर अधिकच्या चिन्हासारखा ताण तयार झाला. इथून प्रत्येक बाजूला मध्याकडून कोपऱ्याकडे अडीच-तीन सेंटिमीटरच्या अंतराने, एक स्टेपल इकडे की एक समोर, असं जात राहा. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर शेवटचा सगळा सैलपणा मध्यावर साठतो आणि तो काढायला सगळं उपसावं लागतं.

किती ताणायचं हे हातावर सोडू नका. सुरुवातीला कापडाच्या मध्यभागी खडूने बरोबर २० सेंटिमीटर मोजून दोन ठिपके द्या. होजिअरी कापडात ताणल्यावर ते अंतर २१ ते २१.५ सेंटिमीटर व्हावं. सरळ विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडात २०.२ ते २०.४ पुरे. जास्त ओढलं तर वीण उघडून काठाजवळ आणि मध्यावर वेगळी दिसते आणि फ्रेमवर नको तेवढा भार येतो.

कोपरे शेवटी. आधी तिरकस टोक आत ओढून एक स्टेपल, मग दोन्ही बाजूंच्या घड्या पंख्यासारख्या न करता एकच सपाट घडी करा आणि जास्तीचं कापड कापा. कोपऱ्यातली जाडी वाढली तर ग्रिल एका कोपऱ्याला पॅनेलपासून वर राहतं आणि तिथूनच पुढे खडखड सुरू होते. मागच्या पट्टीवर कापडाखालून सिंथेटिक रबरचा गोंद, फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा, पातळ लावा. दोन्ही पृष्ठभागांवर लावून दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. जाड थर लावला तर तो धाग्यातून पुढे झिरपतो आणि कडेला कायमचा पिवळट डाग राहतो. कापड पॉलिस्टर असेल तर शेवटी हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवल्याने बारीक सुरकुत्या निघतात.

प्लास्टिकच्या फ्रेमला स्टेपल चालत नाहीत. जुनं कापड काढताना मागे नीट पाहा. बऱ्याच फ्रेमना मागच्या कडेला बारीक दात असतात आणि कापड त्यांत अडकवलेलं असतं. काहींना खोबण असते, तिच्यात रबराची दोरी दाबून कापड धरलेलं असतं. दात तुटलेले नसतील तर ते वापरणं सर्वात उत्तम, आणि दोरी कडक झाली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी घ्या. गोंदच वापरायचा असेल तर फ्रेमच्या न दिसणाऱ्या जागी एक थेंब लावून रात्रभर ठेवा, कारण या गोंदांतला द्रावक काही प्लास्टिक मऊ करतो. चिकटवताना एक बाजू पूर्ण वाळली की मगच समोरची ओढा, तोवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा. घाईने चारही बाजू ओल्या गोंदावर ताणल्या तर चारही सरकतात.

फ्रेम वाकलेली असेल तर

९ मिलिमीटर एमडीएफच्या दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला चालतात. उभ्या टॉवरच्या लांब ग्रिलला त्या वाकणारच. तिथे १२ मिलिमीटर जाडी, दोन सेंटिमीटर रुंदी आणि मध्ये एक आडवी पट्टी हवी. ती पट्टी दोन वूफरच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्या, ट्वीटरच्या जवळपासही नको. ती कापडाला टेकू नये म्हणून पुढच्या अंगाने दोन मिलिमीटर घासून खाली घ्या, नाहीतर फिक्या कापडावर तिची रेषा दिसते.

रिकाम्या फ्रेमनेच आवाज बदलतो असं आढळलं असेल तर बहुतेक ट्वीटरच्या बाजूची आतली उभी कड दोषी असते. आवाज त्या उभ्या भिंतीवर आपटून परत येतो. आतली कड ४५ अंशांत तासा, ट्वीटरसमोरच्या भागात तर जेवढी तासता येईल तेवढी. काम कटकटीचं आहे, पण बऱ्याच घरगुती ग्रिलमध्ये कापडापेक्षा जास्त फरक यानेच पडतो.

नव्या ग्रिलमधून खरखर येते

वूफर जोरात हलला की त्याची कड पुढे येते. कापड आणि वूफरच्या सर्वात पुढे आलेल्या भागात निदान १०-१२ मिलिमीटर अंतर हवं. कापड लागत नसेल तर फ्रेम पॅनेलवर थरथरते. चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर एक-दोन मिलिमीटर जाडीच्या फेल्टच्या चकत्या चिकटवा. नेमकी जागा शोधायला ४० ते २०० हर्ट्झची सावकाश चढणारी साइन लहर मध्यम आवाजात वाजवा आणि फ्रेमवर बोट ठेवत फिरा, बोट ठेवल्यावर जिथे खरखर थांबते ती जागा. ग्रिलच्या खुंट्या ज्यांत बसतात ती रबरी बुशं कडक झाली असतील तर ती बदला. बुशं कडक असताना ग्रिल ओढून काढल्यानेच खुंट्या मोडतात.

पुढच्या बाजूला पोर्ट (बाससाठी ठेवलेलं हवेचं भोक) असलेल्या स्पीकरमध्ये खोल बासला फुसफुस ऐकू आली तर पोर्टसमोर कापड फडफडतंय. कापड अधिक उघड्या विणीचं हवं, किंवा फ्रेम पोर्टच्या वरच संपेल अशी नवी करावी.

जिथे कापड बदलणं हा उपाय नाही

१९७० च्या दशकातल्या जेबीएल एल१०० सारख्या स्पीकरना पुढे चौकटीदार फोम असे. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत आपोआप विरतो, बोट लावलं की चिकट भुगा होतो. त्याला कापड लावून रूप सुधारत नाही. गादीचा फोम तर अजिबात नको, त्याची छिद्रं पुरती उघडी नसतात. माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये असतो तसा पूर्ण उघड्या छिद्रांचा फोम, फुंकर घालून पारखून, वापरावा. जुना भुगा झटकण्यापूर्वी ट्वीटरवर काहीतरी झाकण ठेवा.

बीबीसीने त्याच दशकात आखलेला एलएस३/५ए हा ग्रिलसकट ऐकायचा स्पीकर आहे. त्याच्या ग्रिलवर टायगन नावाचं विणलेल्या प्लास्टिकचं कापड असे, जे उष्णतेने आक्रसून घट्ट बसतं. अशा स्पीकरचं ग्रिल काढून ‘खरा’ आवाज ऐकू पाहणं चुकीचं, आणि त्यावर साधं होजिअरी कापड लावलं तर तोल बदलतो. मूळ टायगन शाबूत असेल तर बदलू नका. थोडं सैल असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा लांबून, सतत फिरवत द्या आणि ताणलं जाताच थांबा. एकाच जागी धरलं तर ते वितळतं.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचं सोनेरी धाग्याचं कापडही शक्यतो वाचवावं. तिथे बहुतेक वेळा ट्वीटर नसतो, वरच्या स्वरांची फारशी चिंता करायची गरज नाही. मऊ ब्रशने झाडून, मागून पातळ विरळ कापडाचा आधार देऊन ते पुढची कित्येक वर्षं चालतं.

नवं कापड लावल्यावर साफसफाईसाठी ग्रिल काढून घ्या आणि मगच व्हॅक्यूम क्लीनर लावा, कापडाच्या पुढच्या बाजूने, ब्रशचं तोंड लावून. ग्रिल स्पीकरवर असताना नळी फिरवली तर कापडामागचा मऊ घुमट ओढला जाऊन चेपतो. पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, ग्रिल उलटं करून स्टेपल आणि गोंदाची कड एकदा तपासा. सरकायचं असेल ते तोवर दिसू लागतं आणि तेव्हा दोन-चार स्टेपल वाढवून काम भागतं.